भाव पडत नाहीत, व्यवहार थांबतात

पुण्या-मुंबईच्या घरबाजारात तीन विधाने सिद्ध सत्यासारखी वावरतात. पहिले, जागेचे भाव कधी उतरत नाहीत. दुसरे, जमीन काही नव्याने तयार होत नाही, तेव्हा फ्लॅटची किंमत वाढतच राहणार. तिसरे, भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा. एजंट आणि बिल्डर ती व्यवसायापोटी सांगतात. घरातली वडीलधारी मंडळी ती अनुभवापोटी सांगतात, कारण 1980च्या दशकात काही लाखांत घेतलेल्या घराला आज कोटीचा आकडा सांगितला जातो. हा अनुभव खोटा नाही. पण तो चाळीस वर्षांचा आहे आणि त्याच्या जोरावर दिला जाणारा सल्ला पुढच्या पाच वर्षांसाठी असतो. तिन्ही विधाने हिशेबाला लावली की त्यांतले एकही जसेच्या तसे टिकत नाही.

भाव म्हणजे नेमके काय

एकाच फ्लॅटला एकाच वेळी निदान तीन भाव असतात. जाहिरातीत किंवा एजंटच्या तोंडी असतो तो सांगायचा भाव. घासाघीस होऊन करारनाम्यात लिहिला जातो तो व्यवहाराचा भाव. तिसरा सरकारी: नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातला, म्हणजे बोलीभाषेतला रेडी रेकनर. सोसायटीच्या आवारात 'आपल्याकडे काय रेट चाललाय' या प्रश्नाला मिळणारे उत्तर बहुधा पहिल्या भावाचे असते. तो मालकाची इच्छा सांगतो. त्या किमतीला घर विकले गेले असेलच असे नाही.

क्षेत्रफळाच्या हिशेबाने हा गोंधळ आणखी वाढतो. रेरा कायद्यानुसार नव्या घराची विक्री कारपेट क्षेत्रफळावर होते, पण जुन्या फ्लॅटच्या पुनर्विक्रीत 'सेलेबल' किंवा 'सुपर बिल्टअप'ची भाषा अजून चालते. हजार चौरस फूट सेलेबल आणि आठ हजारांचा दर, म्हणजे ऐंशी लाखांचा फ्लॅट. त्याचे कारपेट सातशे फूट निघाले तर खरा दर चौरस फुटाला सुमारे 11,430 रुपये होतो. शेजारच्या इमारतीत त्याच आठ हजारांच्या दराने कारपेट साडेसहाशेच भरत असेल तर तिथले घर प्रत्यक्षात महाग आहे, पण कानावर येणारा रेट दोन्हीकडे सारखाच. 'भाव कधी उतरत नाहीत' या विधानाचा पाया असा सांगायच्या भावावर आणि फुगवलेल्या फुटांवर उभा आहे.

उतरलेल्या भावांचा इतिहास

मुंबईत जागांचे भाव 1990च्या दशकाच्या पूर्वार्धात चढत गेले आणि 1995च्या सुमारास शिखराला पोचले. त्या काळी नरिमन पॉइंटच्या कार्यालयीन जागा जगातल्या सर्वांत महाग जागांत गणल्या जात. गृहकर्जाचे दर पंधरा टक्क्यांच्या आगेमागे होते, सट्ट्याचा पैसा मोठ्या प्रमाणावर उतरला होता. पैसा आटल्यावर भाव घसरले आणि दशक संपेपर्यंत मंदी रेंगाळली. शिखरावर घर घेणाऱ्या अनेकांना आपली खरेदी किंमत पुन्हा दिसायला जवळपास दहा वर्षे लागली.

दुसरा काळ अगदी अलीकडचा आहे. 2013 पासून कोविडपर्यंत मुंबई महानगर प्रदेशात आणि पुण्यात बहुतेक भागांतले भाव रेंगाळले, काही ठिकाणी उतरलेही. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदी आली. 1 मे 2017 रोजी महारेराचे काम सुरू झाले आणि त्याच वर्षी 1 जुलैपासून वस्तू व सेवा कर लागू झाला. सप्टेंबर 2018 पासून आयएल अँड एफएस या बड्या वित्तसंस्थेच्या थकबाकीमुळे बिल्डरांना कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांचे हात आखडले. ऐंशी लाखांचा फ्लॅट अशा काळात सात वर्षे ऐंशी लाखांवरच राहिला आणि महागाई वर्षाला पाच टक्के धरली, तर त्याची किंमत जुन्या पैशांत सुमारे 57 लाख उरते. 'भाव पडला नाही' म्हणणारा मालक आकडा बघत असतो. त्या आकड्याचे मोल मात्र तीस टक्क्यांच्या जवळपास झिजलेले असते.

मंदी दिवसांत मोजावी लागते

शेअर बाजारात मागणी आटली की त्याच दिवशी किंमत खाली येते. घरबाजारात तसे होत नाही, कारण विकणाऱ्याला नाही म्हणता येते. ज्याचे कर्ज फिटले आहे, ज्याला पैशांची निकड नाही, तो कमी किमतीला हो म्हणण्यापेक्षा कुलूप लावून थांबतो. एरवी दोन महिन्यांत विकले जाणारे घर वर्षभर पडून राहते. गिऱ्हाईक येते, बघते, पुन्हा फोन करत नाही. मंदी आलेली असते, पण ती भावाच्या रकान्यात न दिसता दिवसांच्या रकान्यात दिसते, आणि तो रकाना सहसा कोणी ठेवत नाही.

बिल्डर भाव न उतरवता सूट देतो. मुद्रांक शुल्क आम्ही भरू, पार्किंग फुकट, मॉड्युलर किचन भेट, पझेशनपर्यंत हप्ता नाही, अशा योजना म्हणजे वेगळ्या नावाने दिलेली घट असते. रेट उघडपणे कमी केला तर आधी बुकिंग केलेले ग्राहक दारात येतील आणि तारण ठेवलेल्या प्रकल्पाचे मूल्यही खाली येईल, ही भीती त्यामागे असते.

घट लपवायला सरकारी व्यवस्थाही हातभार लावते. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर आकारले जाते. प्राप्तिकराचा नियम त्याच्याही पुढे जातो. सरकारी मूल्य ऐंशी लाख असलेले घर मंदीत खरोखरच सत्तर लाखांना विकले गेले, तर फरक दहा टक्क्यांच्या सवलतीबाहेर जातो. मग विकणाऱ्याचा भांडवली नफा ऐंशी लाखांवर मोजला जातो आणि घेणाऱ्याला दहा लाख 'मिळाले' असे धरून त्याच्यावरही कर लागतो. मूल्यनिर्धारणाला आव्हान देण्याची वाट असते, पण एका फ्लॅटसाठी ती चालायची तयारी थोड्यांचीच असते. परिणामी रेडी रेकनर बाजाराच्या पुढे गेलेल्या भागांत खरा पडलेला भाव कागदावर आणणे महाग पडते, व्यवहार अडतो, आणि न झालेल्या व्यवहाराची नोंद कुठेच होत नाही. सरकारी दर खाली येऊच शकत नाहीत असे मात्र नाही. सप्टेंबर 2020च्या फेररचनेत राज्याची सरासरी 1.74 टक्के वाढली, त्याच वेळी मुंबईचे दर सरासरी 0.6 टक्के कमी केले गेले.

जमीन वाढत नाही, मजले वाढतात

जमीन मर्यादित आहे हे खरे. फ्लॅट म्हणजे जमीन नव्हे, हे त्या वाक्यात सांगायचे राहून जाते. फ्लॅट हे जमिनीवर रचलेले चटईक्षेत्र असते आणि चटईक्षेत्र सरकारी निर्णयाने वाढते. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई वगळता राज्याच्या बहुतांश भागाला एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आणि अनेक ठिकाणी अनुज्ञेय बांधकाम वाढले. मुंबईत चार मजली सोसायटीच्या जागी वीस मजली मनोरा उभा राहतो, तेव्हा त्याच जमिनीवर जुन्या सभासदांच्या घरांशिवाय विक्रीची कितीतरी नवी घरे येतात. जमीन तेवढीच राहिली, पुरवठा वाढला.

शिवाय इमारत झिजते. लिफ्ट, ड्रेनेज, गळती, बाहेरचा गिलावा यांचा खर्च वर्षागणिक वाढतो. जुन्या इमारतीतल्या फ्लॅटला चांगली किंमत येते ती पुनर्विकासाच्या आशेवर, म्हणजे जमिनीतल्या वाट्यासाठी. आणि हा वाटा पुष्कळदा सोसायटीच्या नावावर नसतोच. 1963च्या मालकी हक्क सदनिका कायद्याने आणि त्याखालील नियमांनी सोसायटी स्थापन झाल्यावर ठरावीक मुदतीत बिल्डरने अभिहस्तांतरण करून देणे बंधनकारक केले. ते इतक्या ठिकाणी रखडले की 2008च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय करावी लागली. 'जमीन वाढत नाही' हा युक्तिवाद ऐकून घर घेणाऱ्याने आधी सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर कोणाचे नाव आहे ते पाहायला हवे. तिथे अजून बिल्डरचे किंवा मूळ मालकाचे नाव असेल, तर घेणाऱ्याच्या हाती तूर्त फक्त झिजणारी इमारत येते.

जमीन दुर्मिळ असूनही घरे रिकामी राहतात, हेही या युक्तिवादात बसत नाही. 2011च्या जनगणनेच्या आधारे 2017-18च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने मुंबईत 4.8 लाख घरे रिकामी असल्याचे नोंदवले. दिल्ली आणि बंगळूरू यांच्या सुमारे तीन लाखांच्या कितीतरी पुढचा हा आकडा आहे. माणसे लोकलला लटकून दोन तासांवरून येतात त्याच शहरात एवढी कुलुपे आहेत. मालकांना भाडेकरू न निघण्याची भीती वाटते, 1947च्या भाडे नियंत्रण कायद्याने आणि पागडीने तयार केलेली ती आठवण 1999च्या नव्या कायद्यानंतरही पुरती गेलेली नाही, आणि भाड्यातून सुटणारी रक्कमही किरकोळ असते. टंचाई आहे ती परवडणाऱ्या घरांची.

भाड्याचा हिशेब

'भाडे पाण्यात जाते' हे विधान सर्वांत जास्त खपते आणि हिशेबात सर्वांत लंगडे ठरते. पुण्यातल्या ऐंशी लाखांच्या टू बीएचकेचे उदाहरण पुरेसे आहे. पुरुष खरेदीदाराला मुद्रांक शुल्क आणि अधिभार मिळून सात टक्के, म्हणजे 5 लाख 60 हजार, आणि नोंदणी शुल्क कमाल 30 हजार. महिलेच्या नावावर घर घेतल्यास एक टक्का कमी. एजंटची दलाली एक टक्का धरली तर घरात पाऊल टाकण्याआधी 6 लाख 70 हजार गेलेले असतात. हा पैसा कोणत्याही भिंतीत जात नाही, विकताना परत मिळत नाही, आणि तरीही त्याला पाण्यात गेलेला पैसा असे कोणी म्हणत नाही.

साठ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे 52,070 रुपये येतो. पहिल्या वर्षी भरलेल्या 6 लाख 25 हजारांपैकी मुद्दल फक्त 1 लाख 19 हजार फिटते, उरलेले 5 लाख 5 हजार व्याजाचे. स्वतःचे वीस लाख आणि वरचा खर्च मिळून 26 लाख 70 हजार बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला कराआधी 1 लाख 87 हजार मिळाले असते, तेही सोडावे लागले. सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी मिळून चाळीस हजार धरले तर मालकीचा पहिल्या वर्षाचा खर्च 7 लाख 30 हजारांच्या घरात जातो. तसेच घर किमतीच्या तीन टक्के भाड्याने घेतले तर वर्षाचे भाडे 2 लाख 40 हजार, महिना वीस हजार. फरक 4 लाख 90 हजारांचा. तो भरून निघायला घराची किंमत त्या वर्षी सहा टक्क्यांहून थोडी अधिक वाढावी लागते. ती तेवढी वाढली नाही, तर पाण्यात जाणारी मोठी रक्कम भाडेकरूची नसते.

या हिशेबाला दुसरी बाजू आहे आणि ती झाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. भाडे दरवर्षी वाढते, मुद्दलावरचे व्याज मात्र घटत जाते. दर अकरा महिन्यांनी लीव्ह अँड लायसन्सचा नवा करार, मालक सांगेल तेव्हा सामानाची बांधाबांध, मुलांची शाळा बदलण्याची टांगती तलवार, याचीही किंमत आहे. पंधरा-वीस वर्षे एकाच जागी राहणाऱ्या कुटुंबाला पहिल्या वर्षांचा तोटा पुढे भरून काढायला वेळ मिळतो. तीन-चार वर्षांत बदली होणाऱ्याला तो मिळत नाही. म्हणून 'घ्यावे की भाड्याने राहावे' याचे उत्तर बाजाराच्या तेजीमंदीआधी राहण्याच्या वर्षांवर अवलंबून असते.

हप्ता कायम राहतो, हा या हिशेबातला आणखी एक भ्रम. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी तरत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य मापदंडाशी जोडलेली असतात. रेपो दर मे 2022च्या सुरुवातीला चार टक्के होता, फेब्रुवारी 2023 मध्ये साडेसहा झाला. सात टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता लाखामागे 775 रुपये असतो. दर साडेनऊ झाल्यावर लाखामागे महिन्याचे नुसते व्याजच 792 रुपये होते. जुन्या हप्त्यात ते कर्ज कधीच फिटत नाही, उलट वाढते. मुदत वाढवणे, हप्ता वाढवणे किंवा काही मुद्दल एकरकमी भरणे एवढेच मार्ग उरतात. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेला बँकांना असे पर्याय कर्जदारापुढे ठेवण्याचा आदेश द्यावा लागला, तो याच अडचणीतून.

नोंदणीचे आकडे काय सांगतात

दर महिन्याला मुंबईतल्या दस्तनोंदणीचे आकडे प्रसिद्ध होतात आणि 'विक्रमी नोंदणी'च्या बातम्या भाववाढीचा पुरावा म्हणून दाखवल्या जातात. दस्तांची संख्या व्यवहार किती झाले ते सांगते, कोणत्या भावाने झाले ते सांगत नाही. सरकारने सप्टेंबर 2020 पासून डिसेंबरअखेर मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी आणि पुढे मार्चअखेर दोन टक्क्यांनी कमी केले. डिसेंबर 2020 मध्ये मुंबईत साडेएकोणीस हजारांहून अधिक दस्त नोंदले गेले, जानेवारीत ही संख्या सुमारे साडेदहा हजारांवर आली. ज्यांना पुढच्या वर्षी घर घ्यायचे होते त्यांनी ते डिसेंबरात घेतले. शिवाय शुल्क आधी भरून चार महिन्यांत नोंदणी करण्याची मुभा होती, त्यामुळे एकाच लाटेचे दस्त पुढच्या महिन्यांत विखुरले. त्या आकड्यांत मागणी होती, सवलत होती, आणि अनेकांच्या बाबतीत कोविडच्या टाळेबंदीत उमगलेली मोठ्या घराची गरजही होती. तिन्ही एकत्र मोजून 'बाजार तापला' म्हणणे म्हणजे दिवाळीच्या आठवड्यातली मिठाईची विक्री धरून वर्षाचे गणित मांडणे.

भाव कोसळण्याची वाट पाहणारे

उलट टोकाचा दावाही तितकाच कच्चा आहे. फुगा फुटणार आणि सगळे अर्ध्या भावात मिळणार, अशी वाट पाहणारे अनेक जण दहा-दहा वर्षे थांबले. घाऊक कोसळण्यासाठी विकणारे घाऊक प्रमाणात नाइलाजाने विकायला निघावे लागतात. 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या कमाल 80 टक्के आणि 75 लाखांवरच्या कर्जाला 75 टक्के, अशी रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे. त्यामुळे मालकाचा स्वतःचा पैसा अडकलेला असतो आणि किंमत थोडी उतरली म्हणून तो किल्ली बँकेकडे टाकून जात नाही. मंदी आली की भाव धाडकन खाली येण्याऐवजी वर्षानुवर्षे जागच्या जागी राहतात आणि महागाई त्यांना हळूहळू खाते. म्हणजे स्वस्ताई आलीच तर ती जाहिरातीत दिसणार नाही. ती घेणाऱ्याचा पगार वाढून भाव तसाच राहण्यात दिसेल.

विकणाऱ्याचा हिशेब

विकणारा बहुधा तीन रकमांची बेरीज करून आपला भाव काढतो: घेतलेली किंमत, भरलेले व्याज आणि फर्निचरवरचा खर्च. घेणाऱ्याला यांपैकी कशाशीच देणेघेणे नसते. त्याच्या दृष्टीने ते फर्निचर अनेकदा काढून टाकण्याचा खर्च असतो.

ऐंशी लाखांना आज गिऱ्हाईक आहे आणि मालक नव्वदवर अडून दोन वर्षे घर बंद ठेवतो. शेवटी 85 लाखांना विकतो आणि पाच लाख जास्त मिळाले असे समजतो. आजचे ऐंशी लाख सात टक्क्यांनी दोन वर्षांत कराआधी 91 लाख 60 हजार झाले असते. मधल्या काळात घर भाड्याने दिले आणि 4 लाख 80 हजार मिळाले, तरी बेरीज 89 लाख 80 हजारांवर थांबते, आणि त्यातून मेंटेनन्स जायचाच असतो. 23 जुलै 2024 पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर निर्देशांकाची सवलत न घेता साडेबारा टक्के कर आहे. त्या तारखेआधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला निर्देशांकासह वीस टक्क्यांचा पर्याय राहतो. कमी वाढलेल्या घराला बहुधा जुना मार्ग सोयीचा पडतो, खूप वाढलेल्याला नवा. हा हिशेब टोकन घेण्याआधी करायचा असतो, पुष्कळदा तो विवरणपत्र भरताना केला जातो.

माहिती उपलब्ध आहे

या तिन्ही समजुती टिकून राहण्याचे मुख्य कारण असे, की खरा भाव कोणाला कळत नाही असे सर्वांनी गृहीत धरले आहे. महाराष्ट्रात हे गृहीत चुकीचे आहे. नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, म्हणजे इंडेक्स टू, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. त्यात करारातली किंमत, सरकारी बाजारमूल्य, क्षेत्रफळ आणि तारीख असते. एका इमारतीतले गेल्या दोन वर्षांतले पाच-सहा व्यवहार काढले तर त्या इमारतीचा भाव कागदावर येतो. काही व्यवहारांत रोखीचा हिस्सा कागदाबाहेर राहतो हे खरे. पण 1 जून 2015 पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास बंदी आहे, आणि ज्याचे बरेचसे पैसे बँकेच्या कर्जातून येतात त्याला रोखीला मर्यादाच असते.

घेणाऱ्याने त्या नोंदींवरून कारपेटचा दर काढावा, त्याच सोसायटीतले भाडे विचारावे आणि आपण तिथे किती वर्षे राहणार याचा हिशेब त्याला जोडावा. विकणाऱ्याने त्याच नोंदी पाहून भाव सांगावा आणि घर किती दिवस पडून आहे तेही त्यात मोजावे. भाव वर जातील की खाली, हे या तपासणीनंतरही कोणी खात्रीने सांगू शकणार नाही. मात्र 'भाव कधी उतरत नाहीत' असे सांगणाऱ्यासमोर त्याच इमारतीचे इंडेक्स टू ठेवता येते, आणि पुढची घासाघीस त्या कागदावरून होते.